ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ट्रॅम्पोलिन म्हटलं की लोकांना वाटतं पोरांना उड्या मारायला लावलेली जाळी, पाच-सहा जणांना एकदम त्यात सोडायचं आणि आपण मोबाईल बघत बसायचं. पण हे मुळात खेळणं नाहीच ओ, व्यायामाचं साधन आहे! 1934 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिसवोल्ड यांनी कसरतींच्या सरावासाठी आत्ताच्या पद्धतीचं पहिलं ट्रॅम्पोलिन बनवलं, पुढे दुसऱ्या महायुद्धात हवेत उलटंपालटं झालं तरी शरीराचं भान राहावं म्हणून तिथल्या वैमानिकांना त्यावर ट्रेनिंग दिलं गेलं आणि 2000 च्या सिडनीपासून तो ऑलिंपिकचा खेळ आहे.

फायदे खरंच आहेत. तोल सुधारतो, पाय आणि पाठ मजबूत होते, दम वाढतो, आणि अपंगत्व असलेल्या मुलांसाठी फिजिओथेरपीवाले ते वापरतात, ज्या मुलाला नीट उभंही राहता येत नाही त्याला हलक्या उसळीत हालचालीचा आनंद मिळतो, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

पण उसळी येते कुठून ते समजून घ्या. आपण खाली आलो की मधलं ताणलेलं कापड दबतं, ते ज्यांना अडकवलेलं असतं त्या कडेच्या स्प्रिंगा ताणल्या जातात आणि ती ताकद आपल्याला परत वर फेकते. आता एक मोठा मुलगा आणि एक चार वर्षांचं पोर एकत्र उड्या मारतायत, मोठा आधी टेकला, कापड वर यायला लागलं आणि नेमकं तेव्हाच छोटं त्यावर पडलं तर मोठ्याच्या वजनाचा सगळा जोर त्याच्या पायात जातो, लहान मुलांची नडगी गुडघ्याखाली मोडते ती अशीच, न पडता न आपटता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की सुमारे 75 टक्के दुखापती एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि सहा वर्षांखालच्यांना धोका जास्त. भोवती जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, जाळी बाहेर पडणं अडवते, आतला धक्का नाही.

म्हणून एका वेळी एकच, कोलांटी फक्त कोचसमोर, थांबताना गुडघे वाकवायचे आणि मोठ्या माणसाचं लक्ष हवंच. जिथे जिथे ट्रॅम्पोलिन लावतात तिथे हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे, आणि तुमच्या क्रीडा पानावर या खेळावर एकदा सविस्तर लेख यावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक