निष्काम हा शब्द दुसऱ्याला ऐकवायचा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सत्काराचे फोटो पेपरात रोजच येतात, येऊ देत, माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय फोटोत नसणाऱ्यांबद्दल, आणि खरं सांगायचं तर आधी स्वतःबद्दलच.

आमच्या प्रार्थनेच्या जागी गेली ११ वर्षं माईक आणि स्पीकर मी लावतो. म्हणजे सगळ्यांच्या आधी जायचं, वायरी सोडवायच्या, हॅलो हॅलो करून बघायचं आणि सगळे गेले की परत गुंडाळून ठेवायचं. कोणी सांगितलं नव्हतं, देवाचं काम म्हणून आपणहून घेतलं. तर यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात आभारप्रदर्शन झालं, २२ नावं वाचली (हो, मोजली मी), ज्याने एक दिवस शिडी दिली त्याचंसुद्धा नाव होतं, माझं नव्हतं. आणि गंमत बघा, ती २२ नावं ज्या माईकवरून वाचली तो मीच लावलेला.

त्या रात्री झोप नाही आली. ११ वर्षांचे किती तास झाले याचा हिशोब करत पडलो होतो. म्हणजे देवासाठी म्हणून जे करत होतो त्याचं बिल मनात कुठेतरी फाडून ठेवलेलंच होतं, फक्त ते द्यायचं कोणाला ते त्या दिवशी कळलं. लाज वाटली. गीतेच्या १७व्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटलंय, आणि पुढे ते चल आणि अध्रुव आहे असंही म्हटलंय, म्हणजे टिकणारं नाही. माझं तर एका आभाराच्या लिस्टमध्ये हललं. बायबलमध्ये मत्तयाच्या ६व्या अध्यायात येशू अजून रोखठोक बोलतो, लोकांनी वाहवा करावी म्हणून जे दानधर्म करतात त्यांना त्यांचं फळ मिळून गेलंय. खातं क्लोज, आता वर मागायला जाऊ नका!

इथपर्यंत चूक माझी, मान्य. पण दोन दिवसांनी व्यवस्था बघणाऱ्यांपैकी एकजण भेटले, मी विषयही काढला नव्हता, तेच हसत म्हणाले, "तुमचं नाव राहिलं हो, पण तुमची काय, निष्काम सेवा, तुम्हाला कुठे आभाराची गरज." आणि इथे माझं डोकं फिरलं. अहो, निष्काम मी असायचंय, तुम्ही माझ्या वतीने कसे काय निष्काम होता? स्वतःच्या सत्काराला पुढच्या खुर्चीत बसायचं आणि मागे वायरी गुंडाळणाऱ्याला निष्कामतेचे डोस पाजायचे, याला काय म्हणावं. हा शब्द स्वतःला बजावायचा असतो, दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा नसतो.

रागारागात घरी येऊन बायबलच उघडलं, लूकचा १७वा अध्याय. त्यात शेतातून दमून आलेल्या चाकराची गोष्ट आहे. धनी त्याचे आभार मानत नाही, आणि तुम्हीही सगळं करून झाल्यावर म्हणा की आम्ही फक्त आमचं काम केलं, असं येशू सांगतो. हे वाचून वाटलं झालं, हा पण त्यांच्याच बाजूचा. पण त्याच्या लगेच खाली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे, बरे दहाही होतात, आभार मानायला परत येतो एकटाच, तोही परका, आणि तिथे येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? दोन्ही एकाच अध्यायात, एकाला एक लागून. करणाऱ्याने अपेक्षा ठेवू नये हेही खरं, आणि ज्याला मिळालं त्याने परत फिरून दोन शब्द बोलावेत हेही खरं. आपण लोक सोयीने पहिली गोष्ट दुसऱ्याला सांगतो आणि दुसरी स्वतःसाठी राखून ठेवतो. कुराणातही ७६व्या सूरहमध्ये गरीब, अनाथ, कैदी यांना जेवू घालणारे म्हणतात की आम्ही हे अल्लाहसाठी करतोय, तुमच्याकडून ना मोबदला हवा ना आभार. हे घालणारा म्हणतोय, जेवणारा नाही!

आता खरी गोष्ट. हे सगळं डोक्यात घेऊन पुढच्या वेळी लवकर गेलो तर एक आजी पाण्याचे ग्लास पुसून पालथे मांडत होत्या. एकेक ग्लास उजेडासमोर धरून बघायच्या, डाग दिसला की परत पुसायच्या. ११ वर्षं मी त्यातलंच पाणी पितोय, स्पीकर लावून घसा कोरडा पडला की सरळ ग्लास उचलायचा, आणि ते कोण ठेवतं हे कधी डोक्यातच आलं नाही. लिस्टमध्ये नाव त्यांचंही नव्हतं, २२ नावं मोजणाऱ्या माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं. म्हणजे त्या नऊ जणांत मी पण होतोच की.

मी म्हटलं, आजी, इतकी वर्षं पाणी प्यायलो, कधी बोललो नाही, थँक्यू. त्या चक्क वैतागल्या. "थँक्यू नको रे बाबा, उद्या नाही आले तर मग तुला जाब द्यायला लागेल. मी त्याच्यासाठी येते, त्याला सगळं दिसतं, डागपण दिसतो." असं म्हणून हातातला ग्लास परत पुसला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तूच ना रे तो वायरीवाला? उभा काय राहिलास, त्या सतरंजीचं दुसरं टोक धर, एकटीला ओढत नाही आता."

धरलं. त्या दिवशी माईक पाच मिनिटं उशिरा लागला, त्यावरून मात्र दोघा-तिघांनी लगेच विचारलं.

आपला,
एक वायरीवाला वाचक