निधनवार्तेत मूळ गाव आणि माहेरचे नाव छापा

मा. संपादक,

महोदय,

जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची तहसील कचेऱ्यांतली वर्दळ अलीकडे खूप वाढली आहे. कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा कागद हवा असतो, कुणाला वारसाहक्कासाठी, तर कुणाला आपल्या आधीची माणसे कोण होती एवढेच जाणून घ्यायचे असते. यांतले पुष्कळ जण रिकाम्या हाती परततात. कागदच नाही, असे प्रत्येक वेळी नसते. गाव कोणते, साल कोणते, बापाचे नाव काय, यांपैकी एखादी गोष्ट घरात कुणालाच माहीत नसते. ती सांगू शकणारा मजकूर आपण रोज निधनवार्तेत छापता; पण ज्या साच्यात तो छापला जातो, त्यात नेमके हेच तपशील गळतात. म्हणून हे पत्र.

आपल्याकडचे जुने दफ्तर गाववार लावलेले असते, आडनावावर नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कागदात आडनाव असेलच असे नाही. ‘राणोजी बिन (म्हणजे मुलगा) संताजी, मौजे अमुक’ एवढ्यावर माणसाची ओळख संपते. शिवाय नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत, त्यामुळे त्याच घरात दोन पिढ्यांनी पुन्हा ‘राणोजी बिन संताजी’ उगवतो. गाव आणि अंदाजे साल हाताशी नसेल, तर या दोघांत फरक करता येत नाही.

शोध मागे मागे न्यावा. सर्वांत अलीकडच्या मयत व्यक्तीपासून सुरुवात करावी आणि एक पिढी कागदाने पक्की झाल्याशिवाय तिच्या मागच्या पिढीला हात लावू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचे नाव, गाव आणि जात मिळते. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. १ जून ही तारीख दिसली की ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचीच शक्यता जास्त.

थोडीही शेतजमीन असेल, तर फेरफारासारखा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीसारखा, दुसरा आधार नाही. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ते वर्तुळात लिहिलेले दिसतात. ते सगळे क्रमांक उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाची नक्कल मागावी. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूचा काळ, वारस आणि त्यांचे नाते सापडते; त्यातच आधीच्या फेरफाराचा धागाही बहुधा मिळतो. कंस केलेली नावे कमी झालेली म्हणून लोक सोडून देतात. वंशावळीसाठी तीच आधी वाचायची असतात, कारण मागची पिढी त्या कंसातच असते.

इथे चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागलेले असते, त्यावरून धाकटे भाऊ नव्हतेच असा निष्कर्ष काढला जातो. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाचा पालक. त्यापुढचे नाव आईचे किंवा चुलत्याचे असते आणि घाईत तेच बापाचे म्हणून उतरवले जाते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली क्वचितच सापडतात. दत्तक गेलेल्या मुलाचे बापाचे नाव बदलते, तेव्हा साखळी अचानक तुटली तर दत्तकपत्र शोधावे. शिवाय जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजचा गट नंबर घेऊन १९३०चा फेरफार मागितला तर ‘आढळून येत नाही’ असेच उत्तर येणार. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा जुना सर्व्हे नंबर काढावा. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आहेत; पाऊल उचलण्याआधी ते पाहावे.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना गाव, नमुना आणि पाच-दहा वर्षांचा पल्ला स्पष्ट लिहावा. ‘आजोबांचा जन्म शोधून द्यावा’ अशा अर्जावर कारकुनाला काहीच करता येत नाही. बारशाआधी वर्दी दिलेली असल्यामुळे जन्माच्या ओळीत बहुधा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढेच. त्यामुळे आजोबांच्या नावाने पाने चाळून उपयोग नाही, पणजोबांच्या नावाने चाळावी लागतात. मृत्यूच्या ओळीत वय सर्रास ४०, ५०, ६० असे गोल लिहिलेले असते. पाच-सात वर्षांचा फरक धरून चालावे. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी (कॉलरा), देवी दिसतात. १९१८च्या इन्फ्लुएंझात एकाच घरातली माणसे लागोपाठच्या ओळींत आढळतात. तेवढे पान सावकाश, ओळ न ओळ वाचावे, कारण जी भावंडे पुढच्या कोणत्याच कागदात येत नाहीत ती तिथे असतात.

मराठवाड्याचे जुने कागद उर्दूत आणि फसली या महसुली सालात असतात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण जुळतो. विदर्भात अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, मागावा. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण अशा संस्थानांतल्या गावांची दफ्तरे वेगळ्या वळणाने लावलेली आहेत. तालुका-जिल्हा फुटला असेल तर जुन्या मुख्यालयातही चौकशी करावी. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला. कागदही त्याच दिवशी हलले असे समजू नये.

त्याही मागे जायचे तर मोडी लिपीला पर्याय नाही. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून एकाच वाचकाच्या वाचनावर वंशावळ उभी करू नये. बाईच्या नावापुढचे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ते जात म्हणून वाचलेले लिप्यंतर सर्रास भेटते. पेशवाईतल्या कागदावरचे सुहूर सन अरबी अंकशब्दांत असते: ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे सहा, साठ, शंभर, हजार, अर्थात ११६६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७६५-६६. हे वर्ष मृगाला सुरू होते, जानेवारीत नाही. हे कागद पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही गाव आणि कुळ सांगितल्यावरच उघडतात. तिथे यात्रेला आलेल्याने सोबतच्या आणि वारलेल्या माणसांची नावे सांगून सही केलेली असते, आणि कधी कधी बायकांची नावे फक्त त्या वहीतच टिकलेली असतात.

या सगळ्याच्या तोंडाशी निधनवार्ता उभी आहे. जुन्या अंकांतली वार्ता वाचताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘सोमवारी निधन झाले’ यावरून तारीख काढायची तर अंकाची तारीख लिहून घेतलीच पाहिजे. नुसते कात्रण असेल तर ते निरुपयोगी ठरते. दशक्रियेची तारीख दिली असेल तर मृत्यूचा दिवस पहिला धरून नऊ दिवस मागे जावे. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात तिथीने दिलेली असेल, तर इंग्रजी तारीख सुमारे ११ दिवस अलीकडे येते, मधे अधिक मास पडला तर १८-१९ दिवस पुढे जाते. ‘पश्चात’ यादीत हयात माणसेच असतात, आधी गेलेला मुलगा त्यात नसतो. चुलत बंधू छापताना नुसते बंधू होतात. आणि गावाकडच्या आवृत्तीत आलेली वार्ता शहराच्या अंकात शोधून सापडत नाही, कारण ती तिथे आलेलीच नसते.

एका नेहमीच्या साच्याकडे पाहा: ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, दोन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ या ओळीत एकही नाव नाही. वारलेली व्यक्ती बाई असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते. पुष्कळ घरांत लग्नात नाव बदललेले असते, त्यामुळे सासरच्या नावाने ती माहेरच्या कोणत्याच कागदात सापडत नाही. शाळेच्या रजिस्टरात ती एका नावाने, फेरफारात दुसऱ्या नावाने, आणि दोन्ही नावे जाणणारी शेवटची माणसे म्हाताऱ्या नणंदा-भावजया. त्या गेल्या की ही दोन नावे एकाच बाईची होती हे कुणीच सांगू शकत नाही. ज्यांनी आयुष्यभर दोन्ही घरे सांभाळली, त्यांचा माग एका ओळीअभावी पुसला जातो, याची मनापासून खंत वाटते.

म्हणून आपल्याला विनंती. निधनवार्तेच्या छापील अर्जात पाच रकाने वाढवावेत: मृत्यूची पूर्ण तारीख, जन्मवर्ष, मूळ गाव तालुक्यासह, वडिलांचे पूर्ण नाव, आणि विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव व गाव. साध्या मजकुरात याने दोन ओळी वाढतील. कुटुंबीयांच्या संमतीनेच छापावे आणि घरचा पत्ता असा, बँकेच्या व्यवहारात विचारला जाणारा हयात व्यक्तींचा तपशील टाळावा. दुसरी विनंती जिल्हा आवृत्त्यांबद्दल. मुख्य अंकाची बांधणी ग्रंथालयांत राहते, तालुका पुरवण्यांची राहीलच अशी खात्री नसते, आणि निधनवार्ता नेमकी त्या पुरवण्यांतच असते. प्रत्येक आवृत्तीची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात जावी आणि ई-पेपरवरील जुनी पाने काढून टाकू नयेत.

वाचकांनीही अर्जाची वाट पाहू नये. घरात वार्ता लिहायची वेळ येते तेव्हा कुणाचेच चित्त थाऱ्यावर नसते, म्हणून आजी-आजोबांकडून मृत्यूची तारीख सोडून बाकीचे चार तपशील आत्ताच लिहून घ्यावेत. गावाच्या नावापुढे तालुका न चुकता लिहावा, कारण एकाच नावाची गावे एकाच जिल्ह्यात दोन-तीन असतात.

आपले,
जुन्या दफ्तरांचे काही अभ्यासक