उजवीकडची खुर्ची

संपादक महोदय,

भुसावळला इंजिन ड्रायव्हर म्हणून माझी नोकरी झाली. शेजारी असिस्टंट असायचाच. सिग्नलला दोन पिवळे दिवे दिसले की तो 'डबल यलो' म्हणायचा, मीही तेच मोठ्याने म्हणायचो. रात्री तीनला डोळा जड झाला की त्या आवाजाची किंमत कळते.

गेल्या वर्षी मुलीकडे नैरोबीला गेलो. विल्सन विमानतळावरून मसाई माराच्या अभयारण्यात नेणारं विमान सेसना कॅरॅव्हॅन, इंजिन एक, पायलटही एकच. उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीत मला बसवलं! समोर दुसरा दांडा, पायाशी पेडल. 'कशाला हात लावू नका' एवढीच सूचना.

हे विमान एकट्याने उडवायला मंजूर आहे, मान्य. अमेरिकेतही चार्टरला, म्हणजे भाड्याच्या विमानाला, नऊपर्यंत प्रवासी-आसनं असतील, तर ढगांतून जातानाही मंजूर ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारं यंत्र) सहवैमानिकाऐवजी चालतो. पण ऑटोपायलट 'साहेब, उंची चुकतेय' म्हणून हटकत नाही. मे 2022 मध्ये फ्लोरिडात कॅरॅव्हॅनचा पायलट अचानक आजारी पडला. विमान कधी न चालवलेल्या प्रवाशाने जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरच्या सूचनांवर ते पाम बीचला उतरवलं. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला ती खुर्ची आठवते.

मुंबई लोकलचा मोटरमनही केबिनमध्ये एकटाच असतो, असं कुणी म्हणेल. त्याचा हँडलवरचा हात सुटला तर गाडीला ब्रेक लागतो, आणि मागे गार्ड असतो. आकाशात कुठला ब्रेक?

दुसऱ्या पायलटचा पगार परवडत नसेल, तर निदान तिकिटावर 'पायलट : एक' असं ठळक छापा. परतीला मी मागे बसलो. पुढे कॉलेजातली एक पोरगी बसली, मोबाइलवर व्हिडिओ काढत.

– एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर, भुसावळ