'सर्वसमावेशक' स्विमिंग पूल आणि ५,९२,३६० रुपयांची वाढीव मागणी

तळेगाव दाभाडे, जि. पुणे
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : परसातील स्विमिंग पूलच्या ठरलेल्या किमतीव्यतिरिक्त केलेल्या मागणीबाबत तक्रार

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्या कंपनीने आमच्या घरामागच्या परसात स्विमिंग पूल बांधून देण्याचे कोटेशन दिले. २४ फूट बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट खोल, ओव्हरफ्लो पद्धतीचा. दर चौरस फुटाला ३,२०० रुपये, म्हणजे ९,२१,६०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण १०,८७,४८८ रुपये. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'टर्नकी, सर्वसमावेशक' असे छापले आहे. त्यावर विसंबून आम्ही ४,३५,००० रुपये आगाऊ भरले.

आता खड्डा खोदून झाल्यावर 'अतिरिक्त कामे' या नावाखाली ५,०२,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९२,३६० रुपयांचा कागद आला आहे. मूळ किमतीच्या निम्म्याहून जास्त. मी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात केली. पाच-दहा टक्के खर्च वाढतोच, तेवढी तजवीज आम्ही ठेवलीही होती. पण हा कागद वाढीव खर्चाचा नाही, कोटेशनमधून आधी मुद्दाम गाळलेल्या कामांचा आहे.

सर्वांत मोठी रक्कम बॅलन्सिंग टँकची, १,६५,००० रुपये. याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. आम्हाला ओव्हरफ्लो नकोच होता. यजमानांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे आणि डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला आहे, एवढ्यासाठी हा सगळा घाट. साधा स्किमरचा पूल, म्हणजे भिंतीतल्या जाळीच्या तोंडातून पाणी फिल्टरकडे ओढणारा, आम्हाला पुरला असता. तुमच्या विक्री प्रतिनिधीने 'दर तोच आहे मॅडम, ओव्हरफ्लोच घ्या, दिसायलाही छान' असे सांगितले आणि तसे व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवले. ओव्हरफ्लो पुलात माणूस उतरला की पाणी काठावरून पन्हळीत सांडते, तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये जाते, पंप ते टँकमधून ओढतो आणि फिल्टरमधून पुन्हा पुलात सोडतो. टँकच नसेल तर सांडलेले पाणी थांबणार कुठे आणि पंप ओढणार काय, हवा? म्हणजे ज्या दिवशी तुम्ही कोटेशनवर 'ओव्हरफ्लो' लिहिले, त्याच दिवशी टँक त्या दरात आला. पंगतीच्या ताटाचा दर ठरल्यावर वाढप्याने मिठाचे वेगळे पैसे मागावेत, तसा हा प्रकार आहे. पंप रूमचे ९०,००० रुपये याच जातीचे. कोटेशनमध्ये पंप आणि सँड फिल्टर आहेत, मग ते उघड्या पावसात बसवणार होता का?

पाण्याखालच्या दिव्यांचेही तेच. कोटेशनमध्ये '१२ व्होल्ट एलईडी, ४ नग' आहेत. घरात वीज २३० व्होल्टची येते. ट्रान्सफॉर्मरशिवाय हे दिवे लागत नाहीत. तरी ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलचे २८,००० रुपये वेगळे. त्या पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे की नाही, याचा मात्र कुठेच उल्लेख नाही. पाण्यात माणसे उतरणार आहेत, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला लेखी हवे.

माती-मुरूम उचलण्याचे ६० ब्रासचे ७२,००० रुपये लावले आहेत. खड्डा मी स्वतः टेप लावून मोजला. २८ फूट बाय १६ फूट, सरासरी खोली ६ फूट, म्हणजे २,६८८ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा २७ ब्रासही पुरते भरत नाहीत. खोदलेला माल फुगतो हे मान्य. दीडपट फुगला असे धरले तरी ४० ब्रासच्या आसपास जातो. उरलेले २० ब्रास कोणाच्या खड्ड्यातले? शिवाय त्यातला चांगला मुरूम तुमच्याच ठेकेदाराने शेजारच्या रस्त्याच्या भरावाला दिला. आम्ही गच्चीवरून ट्रॉल्या जाताना पाहिल्या.

ब्रेकरच्या ८५,००० रुपयांबाबत मी अडून बसणार नाही. पाषाण लागला, तो फोडावा लागला, हे डोळ्यांसमोर झाले. पण मावळात चार-पाच फुटांवर काळा पाषाण लागतो हे इथल्या कुठल्याही विहीरवाल्याने सांगितले असते आणि 'साइट सर्व्हे'चे ७,५०० रुपये तुम्ही त्यासाठीच घेतले होते. मशीनच्या तासांची रोजची नोंद दाखवा. जेवढे तास भरतील त्याचे निम्मे पैसे आम्ही देऊ.

'सिमेंट-स्टील दरवाढ' ६२,००० रुपये, ही ओळ वाचून हसू आले. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे तुमच्या कोटेशननंतर. काँक्रीट तर अजून पडायचेच आहे. दरवाढ सांगायची असेल तर ऑगस्टची आणि आताची, दोन्ही खरेदी बिले समोर ठेवा.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. कोटेशनमध्ये एम ३० ग्रेडचे काँक्रीट लिहिले आहे आणि ते बरोबरच आहे. पाणी साठवणाऱ्या आरसीसी बांधकामाला आयएस ३३७० या भारतीय मानकानुसार सर्वसाधारणपणे किमान तेवढे लागते. पण तुमचा मुकादम साइटवर मिक्सर लावून सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन असा माल कालवायच्या तयारीत होता. घमेल्याने मोजून! हे प्रमाण एम २० चे. एम ३० ला डिझाइन मिक्स, म्हणजे प्रयोगशाळेत तपासून ठरवलेले प्रमाण लागते, ते घमेल्याच्या हिशेबाने होत नाही. मी काम तिथेच थांबवले आणि 'मालकीणबाईंनी काम अडवले' असा मेसेज तुमच्या ऑफिसात गेला. हो, अडवले. तळातून पाणी झिरपायला लागले की वरच्या मोझॅक टाइल्स फोडूनच दुरुस्ती होते आणि तो खर्च तुम्ही 'अतिरिक्त कामे' यातच घालणार, एवढे आता कळले आहे.

चालू खर्चाबद्दलही प्रतिनिधीने 'महिन्याला हजारभर' असे सांगितले होते. दीड एचपीचा पंप रोज सहा तास चालवला तर महिन्याला २०० युनिट होतात. आमचा घरचा वापर १५० च्या घरात. दोन्ही मिळून ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये जाणार. पूल पहिल्यांदा भरायला साधारण ३५,००० लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर चार. क्लोरीन, पीएचची औषधे, फिल्टरचे बॅकवॉश वेगळे. हे आकडे आधी मिळाले असते तर आम्ही पूल लहान केला असता. म्हणून यापुढच्या प्रत्येक ग्राहकाला नाही तरी निदान आम्हाला तरी वर्षभराच्या देखभालीचा लेखी हिशेब द्या.

आमची मागणी अशी. बॅलन्सिंग टँक, पंप रूम, ट्रान्सफॉर्मर-पॅनेल आणि दरवाढ या चारही रकमा, मिळून ३,४५,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, मागे घ्या. मुरुमाचा हिशेब खड्ड्याच्या मापावर करा. काँक्रीट रेडीमिक्स प्लांटमधून एम ३० चे मागवा, क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे, अहवाल आम्हाला द्या आणि टाइल्स लावण्याआधी पुलाची टाकी सात दिवस पाण्याने भरून ठेवून गळती तपासा. आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते. रिकाम्या टाकीला खालून दाब बसतो, तेव्हा तो दाब मोकळा करणारा तळातला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह ड्रॉइंगमध्ये दाखवा. आणि या सगळ्याच्या आधी, हे पत्र मिळताच, खड्ड्याभोवती पत्रे मारा. सहा फूट खोल खड्डा उघडा पडला आहे आणि शेजारची मुले चेंडू आणायला तिथेच येतात. सध्या आम्ही साडीच्या दोऱ्या बांधल्या आहेत.

हे जमत नसेल तर झालेल्या खोदाईचा रास्त खर्च वजा करून बाकी आगाऊ रक्कम परत करा, आम्ही दुसरा ठेकेदार बघू.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तुमचे मुख्य कार्यालय परराज्यात असले तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते आणि आतापर्यंत दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने त्याला शुल्कही पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार आधीच नोंदवली आहे.

उत्तर कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह पाठवावे. प्रतिनिधीला पुन्हा घरी चहाला पाठवू नये.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : कोटेशन व आगाऊ रकमेच्या पावतीची प्रत, 'अतिरिक्त कामे' कागदाची प्रत, व्हॉट्सअॅप संभाषण, खड्ड्याचे मापासह फोटो