पेठनाक्यावरचं बिल

सांगली,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय विन्या,

दीड वर्ष झालं. तू फोन आपटलास आणि मी अकडून बसलो. तब्येत ठीक, साखरेची गोळी चालू, आईचा गुडघा जसा होता तसाच.

मंगळवारी माहिती अधिकारातलं उत्तर आलं. हे बायकोला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय. आपला तो, ज्याच्या पाणीयोजनेच्या ठेक्यातलं काम मी पोटठेक्यानं केलं, नाव लिहीत नाही, तिसरं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाच्या पैशांचा तिसरा हप्ता, मार्च 2023 लाच उचलून मोकळा झालाय. मोजमाप पुस्तिकेत माझी एक लाख लिटरची टाकी, माझी अकरा किलोमीटर पाइपलाइन, सगळं ओळीनं त्याच्या नावावर. आणि मला अडीच वर्षं एकच मेसेज: ‘बिल निघू दे रे, तुझं आधी देतो.’ कॉलेजात मेसचे पैसे असेच द्यायचा, आठवतं?

माझे अडतीस लाख त्याच्याकडे अडकलेत. वकिलामार्फत नोटीस दिली, तर उत्तर आलं की सदर इसमाशी आमचा करार नाही, त्यांनी फक्त मजूर पुरवले, मजुरी अदा केली आहे. सदर इसम! आणि हे म्हणतो कोण, तर ज्याच्या लग्नात मी वाढपी होतो तो.

खात्याकडे गेलो तर डेप्युटी साहेब म्हणाले, आमच्या लेखी तुम्ही कोण? करार त्यांचा त्याच्याशी. वर त्याच करारात लिहिलंय, लेखी परवानगीशिवाय पोटठेका देता येत नाही. म्हणजे मी कोर्टात ‘काम मीच केलं’ म्हणून ओरडलो, तर तो म्हणणार, मग तुझा ठेकाच बेकायदा. जुलैत वाळवा तालुक्यातल्या त्या तरुण ठेकेदारानं आत्महत्या केली तेव्हा हेच ऐकलं होतं. घरचे म्हणत होते जलजीवनचे, म्हणजे सरकारी नळपाणी योजनेचे, 1 कोटी 40 लाख थकलेत, मंत्री म्हणाले त्याच्या नावावर कामच नाही, पोटठेकेदार असेल. घाबरू नकोस, माझ्या डोक्यात तसलं काही नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही.

लघुउद्योगाच्या 2006 च्या कायद्याची मला फार आशा होती. पंचेचाळीस दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वकील हसले. माझी उद्यम नोंदणी 2024 ची, काम 2022 चं. मागाहून नोंदणी करून जुन्या कामाला संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्येच सांगितलंय. नोंदणी कर म्हणून कोण मागे लागलं होतं? तूच. बोल आता मनसोक्त.

राहिला 1872 चा करार कायदा, कलम 70. फुकट करायचा हेतू नसताना एखाद्यासाठी काम केलं आणि त्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. कागद नसला तरी दावा उभा राहतो, पण काम माझं होतं हे दाखवावं लागतं. सिमेंटची बिलं आहेत, डिझेलच्या चिठ्ठ्या आहेत, पाइपांच्या पावत्या मात्र निम्म्या त्याच्या नावावर. मेसेज आहेत, त्यांना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं म्हणे. आणि मुदत तीन वर्षांची. काम संपलं 18 जानेवारी 2023 ला, म्हणजे हातात दोन महिने.

तू म्हणाला होतास, शंभराच्या स्टॅम्पवर तरी लिहून घे. मी म्हणालो, मित्राकडून स्टॅम्प? तूही काय कमी बोललास, ‘बावळट’ काढलंस, तेही माझ्या मेहुण्यासमोर! ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा शंभरात भागलं असतं, आता स्टॅम्पच पाचशेचा झालाय.

तुझं नाशिकचं घर झालं, असं कळलं. वास्तुशांतीला बोलावलं नाहीस, ठीक आहे. पिंट्या दहावीला ना? वहिनींना नमस्कार.

आता मुद्दा. पेठनाक्याच्या ढाब्यावर दर ठरला तेव्हा टेबलावर तिघंच होतो. तो, मी आणि तू. तू साक्षीला उभा राहशील का? तुझाही तो मित्रच, म्हणून फोनवर विचारायची हिंमत झाली नाही. नाही म्हणालास तरी राग धरणार नाही. पण त्या दिवशीचं जेवणाचं बिल मी दिलं होतं, एवढं तरी कुठेतरी लिहून दे.

तुझा,
बावळट