मालवणचं पाणी

पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र पोचलं. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय, आणि आईचं ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवून झालंय. प्रवाळ छान जमलेत, विशेषतः डावा कोपरा. पण माझा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला. नुसतं कौतुक करून मी गप्प बसेन, असं तुलाही वाटलं नसेल.

तू डाइव्हिंगला उतरलीस मालवणला आणि रंगवलंस मालदीव! एवढं निळंशार पाणी तुला तिथे दिसलं का? आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती भरपूर, म्हणून ते हिरवट दिसतं. चार हातांपलीकडचं धड दिसत नव्हतं, असं फोनवर तूच म्हणालीस. मग ते लपवलंस कशाला? मला तर तोच गढूळपणा चित्रात हवाय.

दुसरं, तांबोशी. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बर्फावर ती लालभडक दिसते, कबूल. पण पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश गिळतं. सात-आठ मीटर खाली टॉर्च मारला नाही, तर तीच तांबोशी काळपट करडी दिसते. तू बहुतेक फ्लॅश मारून काढलेला फोटो समोर ठेवलास. लालमध्ये थोडा व्हिरिडियन हिरवा मिसळून बघ, तो विझलेला लाल मिळेल. आकार मात्र कमी करू नकोस. मास्कच्या काचेतून मासा साधारण एक तृतीयांशाने मोठा दिसतो. (“एवढी तांबोशी असते होय?” असं आईचं चाललंय. चालू दे.)

झार प्रिचर्ड नावाचा चित्रकार होता, १८६६ साली मद्रासला जन्मलेला. डायव्हरचा पोशाख घालून ताहितीच्या समुद्रात उतरायचा आणि पाण्याखालीच चित्रं काढायचा. त्याची चित्रं नेटवर शोध. कडा कशा मऊ आहेत, प्रवाळ जरा लांब गेले की पाण्यात कसे विरतात, ते बघ. तू मात्र पेनने बाह्यरेषा ओढून ठेवल्यास!

पुढचं चित्र कागद भिजवून कर. ३०० जीएसएमचाच घे, पातळ कागद सुरकुततो. तिकडे नाही मिळाला तर अप्पा बळवंत चौकातून आणून मावशीबरोबर पाठवतो. आणि पुन्हा डाइव्ह केलीस की वर आल्या आल्या, केस पुसायच्याही आधी, दिसलेले रंग वहीत लिहून काढ. फोटो नंतर बघ.

तुझे,
बाबा