रंग दिला; काया कुठे पालटली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘वाचनालयाचा कायापालट’ ही बातमी छायाचित्रासह आली. ते वाचनालय आमच्याच गावातले. मी तिथला चाळीस वर्षांचा सभासद, आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता. त्यामुळे बातमीतला मुख्य शब्द जरा खटकला.

काम काय झाले ते सांगतो. बाहेरून आकाशी रंग, दोन हात. दर्शनी भागाला स्टीलचे कठडे, नवी पाटी, दोन कुंड्या. आत वाचन कक्षात पीओपीचे छत आणि त्यात गोल दिवे. त्या छताच्या वर मंगलोरी कौले आहेत आणि त्यांची शाकारणी किती वर्षांत झालेली नाही हे ग्रंथपालांनाही आठवत नाही. पूर्वी गळायचे तेव्हा पाणी कुठून येते ते तरी दिसायचे. आता ते पीओपीवर साचते आणि छताला पोट सुटते.

माझ्या नोकरीत अंदाजपत्रकांच्या ढिगाऱ्यात मी साधारण दुरुस्ती पाहिली, विशेष दुरुस्ती पाहिली, नूतनीकरण, सुशोभीकरण, मजबुतीकरण पाहिले. कायापालट नावाची बाब कुठल्याच अंदाजपत्रकात आढळली नाही. मोजमाप पुस्तकात तिची नोंद कोणत्या एककात करायची, चौरस मीटर की नग, हेही मला सांगता येणार नाही. हा शब्द थेट उद्घाटनाच्या फ्लेक्सवर जन्मतो आणि तिथून उचलून तुमच्या मथळ्यात बसतो.

शब्दाला माझा विरोध नाही, उलट तो फार मोलाचा आहे म्हणून हे पत्र. काया पालटणे म्हणजे देहच बदलणे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 116व्या सूक्तात च्यवनाची कथा येते. तो जराजर्जर झाला होता, आणि अश्विनीकुमारांनी त्याच्या अंगावरचे म्हातारपण अंगरखा उतरवावा तसे उतरवले. (च्यवनप्राशाचे नाव त्याच्यावरूनच. डबीवरचे दावे त्याच्या माथी मारू नयेत.) यात त्यांनी काय केले, तर उतरवले. वरून काही चढवले नाही.

आपल्याकडचे असे बाकीचे शब्दही बघा. बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत सगळे हल्ली ‘कात टाकते’. पण साप कात टाकतो म्हणजे जुनी सोडतो, जुन्यावर नवी पांघरत नाही. शाकारणी करायची तर आधी कौले खाली घ्यावी लागतात, फुटकी वेगळी काढावी लागतात, वळचणीचा पालापाचोळा काढावा लागतो. कल्हईचा तर थर कागदाहून पातळ, तरी भांडे आधी घासून तापवल्याशिवाय आणि नवसागराचा धूर निघाल्याशिवाय कथील त्याला धरतच नाही. आणि तो पातळ थरही नुसता चकाकीपुरता नसतो, त्याच्यामुळे पितळेच्या पातेल्यात आमटी कळकत नाही. कल्हईला वरवरचे काम म्हणणाऱ्यांनी एकदा बिनकल्हईच्या भांड्यातले ताक पिऊन बघावे.

रंगकामाचेही तेच. अंदाजपत्रकात ‘जुना रंग खरवडून, पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासून’ अशी अट असते आणि तिचे पैसेही दरात धरलेले असतात. प्रत्यक्षात पुष्कळदा पोपड्यांवरूनच ब्रश फिरतो. वाळल्यावर कोण बघतो? अशा एक-दोन बिलांवर माझीही सही आहे, हे मान्य करतो. मार्चअखेर असायची, वरून फोन असायचा. असो.

दगडी इमारतीला तर हे चढवणे मारकच ठरते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंट थापले किंवा ऑइलपेंट फासला की ती आत कोंडते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या किती यादवकालीन देवळांचे काळे पाषाण गुलाबी नि पोपटी ऑइलपेंटने माखलेत ते गावोगाव दिसतेच. वर फलक असतो ‘जीर्णोद्धार’. जीर्णाचा उद्धार करायचा होता, त्याला बुजवायचे नव्हते.

याउलट मुंबईत 1864 साली उभ्या राहिलेल्या फ्लोरा फाउंटनवर वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर अलीकडच्या दुरुस्तीत काढले, तेव्हा कुठे मूळ दगड आणि त्यावरचे कोरीव काम दिसले. 2022 मध्ये सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी न पाहिलेले मूळ रूप लोकांनी डोळे भरून पाहिले. अशा कामाला कायापालट म्हणा, मी पहिला टाळी वाजवीन.

गंमत अशी की आपल्याच दैनिकाचे वाहन-पान याबाबतीत चोख असते. एखाद्या मोटारीचे ‘फेसलिफ्ट मॉडेल’ आले की तिथे स्वच्छ लिहिलेले असते: दिवे नवे, बंपर नवा, जाळी नवी, इंजिन तेच. हा शब्द आला शस्त्रक्रियेतून. चेहऱ्याची सैल पडलेली कातडी नि तिच्याखालचा भाग ताणून बसवतात, वय तेवढेच राहते. शब्द परका असला तरी तो लपवत काहीच नाही. चार दिवे बदलले तर मोटारीचा कायापालट झाला असे तिथे कुणी छापत नाही, कारण वाचक गाडी घ्यायला जाणार आणि बॉनेट उघडून बघणार. वाचनालयाचे छत उघडून कोण बघणार?

आणि आपण बातमीत एका ठिकाणी ‘सुशोभिकरण’ छापले आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘सुशोभीकरण’. दुसरे बरोबर. शुद्धीकरण, नूतनीकरण यांतल्यासारखी ही ‘ई’ दीर्घच, कारण हा संस्कृतातला च्वि प्रत्यय. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे आधी ते शोभिवंत नव्हते ही कबुली शब्दातच आहे. त्यामुळे सुशोभीकरण हा शब्द मला कायापालटापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. आमच्या वाचनालयाचे जे झाले ते सुशोभीकरण. किंवा साधी रंगरंगोटी म्हटले असते तरी कुणाचा मान गेला नसता.

तुमच्या बातमीदाराचा यात फारसा दोष नाही. त्याला प्रसिद्धिपत्रक हाती मिळते आणि रात्री नऊपर्यंत पान लावायचे असते. पण मथळ्यात एकदा कायापालट आला की पुढची पाच-सात वर्षे आमचा कौलांचा अर्ज कुणी हातात घेत नाही. मागच्या बुधवारी मी तो घेऊन गेलो होतो. समोरच्या साहेबांनी तुमच्या बातमीचे कात्रण दाखवले आणि म्हणाले, ‘आता आणखी काय पाहिजे, काका?’

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर बातमीदाराला पुन्हा एकदा इकडे पाठवावे ही विनंती. वाचन कक्षातल्या तीन बादल्या ग्रंथपालांनी उद्घाटनाच्या दिवशी कपाटामागे ठेवल्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त शाखा अभियंता), सातारा जिल्हा